दहाच्या नाण्याहून हलकं: मुंबईत पहिला अल्ट्रालाइट रॉड घेताना

गोराईच्या जेटीवर पहिल्यांदा माझा बारीक रॉड जोडत होतो, तेव्हा शेजारी गरी टाकून बसलेले एक कोळी काका बराच वेळ नुसते बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. म्हणाले, "ही काडी दात कोरायला आणलीस काय?" त्यांच्या हातात काठीच नव्हती. प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेलं तंगूस, टोकाला शिसं आणि कोलंबीचा तुकडा. तासाभरात त्यांनी तीन शिंगाळे काढले. मी शेवाळ काढलं.

दोष काडीचा नव्हता. दुकानात मी विचारलेला प्रश्नच चुकला होता: "हा किती किलोचा मासा खेचेल?" दुकानदार म्हणाला, पाच किलो आरामात. मी खूश होऊन त्या रॉडला चौदा ग्रॅमचा स्पून (चमच्यासारखं धातूचं आमिष) लावला आणि दिवसभर चाबूक मारल्यासारखा भिरकावत राहिलो.

अल्ट्रालाइट रॉड माशाच्या वजनावरून घेत नाहीत, फेकायच्या आमिषाच्या वजनावरून घेतात. पुढचं सगळं याच एका गोष्टीच्या आधाराने वाचा.

खिशातलं दहा रुपयांचं नाणं तळहातावर ठेवून बघा. ते भरतं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. अल्ट्रालाइटचा सगळा कारभार या नाण्याच्या आत उरकतो, साधारण एक ते सात ग्रॅम. एवढीशी वस्तू हाताने फेकली तर फार लांब जाणार नाही. ती वीस-पंचवीस मीटर जाते, कारण मागे नेताना आमिषाच्या वजनाने रॉड वाकतो आणि पुढे येताना स्प्रिंगसारखा सुटतो. रॉड जाड असेल तर तीन ग्रॅमने तो वाकतच नाही, मग जोर लावायचा तुमच्या मनगटाने. आमिष जड असेल तर रॉड नुसता मान टाकतो, आणि एखाद्या दिवशी टोकाजवळ कट्ट करून तुटतो.

पहिली पायरी: आधी पाणी आणि आमिष, मग रॉड

मुंबईत नवख्याला तीन प्रकारचं पाणी मिळतं, आणि तिन्हींची मागणी वेगळी.

खाडी म्हणजे गोराई, मनोरी, मार्वे, वसईची बाजू. इथे खारफुटीची मुळं, जेटीचे खांब आणि त्यांवर चिकटलेली कालवं. कालवांची धार ब्लेडसारखी असते, बारीक दोरा नुसता घासला तरी जातो. इथला छोटा तांब किंवा गोबरा आमिष तोंडात घेतल्याबरोबर बिळाकडे पळतो. जिताड्याचं पिल्लू असेल तर उडीही मारतं. टोकाला नाजूक पण मुठीकडे जोर असलेला रॉड इथे लागतो, माशाला पहिल्या दोन सेकंदांत वळवायला.

कातळाचा समुद्रकिनारा म्हणजे बँडस्टँड, वरळी, मढच्या बाजूची खडपं. इथला मुख्य शत्रू वारा. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि दोन ग्रॅमचं आमिष परत तोंडावर येतं. हिवाळ्यात पहाटे वारा बहुधा जमिनीकडून वाहतो, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलात तर पाठीमागून. हलक्या आमिषाला तीच वेळ साधावी. कधी टोळ दिसतात, पृष्ठभागावर पेन्सिल तरंगावी तसे. त्यांची चोच हाडासारखी टणक, गळ रुततच नाही. दहा वेळा लागून नऊ वेळा सुटला तर रॉडला शिव्या देऊ नका.

तिसरं तलाव. पवईला महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशनचं केंद्र आहे, तिथे त्यांच्या परवानगीने आणि नियमांनीच बसायचं. तलावात मगरी आहेत, पाण्यात पाय सोडून बसू नका. विहार आणि तुळशी तलावांचा विचारच सोडा. गोड्या पाण्यातली चिलापी मात्र अल्ट्रालाइट शिकायला उत्तम मास्तर: छोटी, भरपूर आणि भांडखोर. मरळीसाठी हा रॉड नेऊ नका. ती पाणवनस्पतींच्या गचपणात राहते, तिथून तिला ओढून काढायला दणकट रॉड लागतो.

आता आमिषं. सुरुवातीला पाच-सहा पुरेत: दोन आणि तीन ग्रॅमची जिगहेड (शिशाचं डोकं असलेला गळ), त्यांना लावायच्या दोन इंची रबरी मासोळ्या, तीन ते पाच ग्रॅमचे एकदोन स्पून, आणि चार-पाच सेंटीमीटरचा एखादा बुडणारा मिनो (छोट्या माशाच्या आकाराचं कडक आमिष). ही सगळी घरच्या किचन काट्यावर तोला. इथे बहुतेक जण फसतात. जिगहेडच्या पाकिटावर दोन ग्रॅम लिहिलेले असतात, ते फक्त डोक्याचे. रबरी मासोळी लावली की तीनच्या वर जातं. रॉड फेकतो सगळ्याचं मिळून वजन.

तोललेले आकडे वहीत लिहा. सगळ्यांत हलकं आणि सगळ्यांत जड आमिष, हे दोन आकडे घेऊनच दुकानात शिरायचं.

दुसरी पायरी: मुठीवरचे आकडे वाचणे

मुठीच्या वर, रॉडच्या अंगावर बारीक अक्षरात सगळी कुंडली छापलेली असते. लांबी, ताकद, आमिषाचं वजन, दोऱ्याची ताकद. ताकदीच्या जागी यू आणि एल ही अक्षरं दिसली की अल्ट्रालाइट. नुसता एल म्हणजे लाइट, त्याहून एक पायरी वर. पण या अक्षरांवर विसंबू नका. एका कंपनीचा यूएल दुसरीच्या एलइतका कडक निघतो, त्यासाठी कुठलं सरकारी माप नाही. वाचायचा तो आमिषाच्या वजनाचा आकडा.

तो कधी ग्रॅममध्ये असतो, कधी औंसात. औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम. तेव्हा एक षोडशांश औंस जवळजवळ १.८ ग्रॅम, एक अष्टमांश साडेतीन, पाव औंस सात. दोऱ्याचा आकडा पौंडात असतो. सहा पौंड म्हणजे २.७ किलो.

आणखी एक गोष्ट जी पाकिटावर लिहिलेली नसते. "१ ते ७ ग्रॅम" असं छापलेलं असलं तरी रॉड मनापासून फेकतो ते मधलंच वजन, अंदाजे तीन ते पाच. एक ग्रॅमला तो जेमतेम हलतो, सातला कण्हतो. म्हणून तुमची रोजची आमिषं या पट्ट्याच्या मध्यावर यायला हवीत. मुंबईचा वारा आणि कालवं बघता माझं मत साफ आहे: पहिला रॉड २ ते ८ ग्रॅमच्या आसपासचा घ्या, अर्ध्या ग्रॅमपासून फेकणारा नको.

जपानमध्ये 'अजी' नावाच्या बांगड्यासारख्या माशासाठी खास 'अजिंग' रॉड बनतात. ते फार सुंदर, पिसासारखे हलके. व्हिडिओ बघून अनेकांचा पहिला जीव त्यांच्यावरच जडतो. शांत बंदर, दिव्याचा उजेड, एक ग्रॅमचं आमिष, अशा ठिकाणी ते राजे. भरतीच्या ओढीत, खारफुटीशेजारी ते बिचारे रडकुंडीला येतात. दुसरा रॉड म्हणून जरूर घ्या.

तिसरी पायरी: लांबी

साडेसहा ते सात फूट. संपवा विषय. खाडीत फांद्यांखाली उभं राहून फेकायचं असेल तर सहा चालेल, कातळावरून साडेसातही चांगला. पण एकाच रॉडने दोन्ही करायचं तर साडेसहा-सात.

तुकडे किती हा प्रश्न मात्र मुंबईत लांबीइतकाच महत्त्वाचा. साडेसहा फुटी दोन तुकड्यांचा रॉड मोडून ठेवला तरी एक मीटर होतो. सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये तो घेऊन चढून बघा. चार तुकड्यांचा रॉड पन्नास-पंचावन्न सेंटीमीटरच्या नळीत, पाठीवरच्या सॅकमध्ये मावतो. पूर्वी जोडांमुळे असे रॉड मधेच कडक लागायचे, हल्लीचे चांगले चार-तुकडी रॉड बरेच सुधारलेत. टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणारे, टाळा. हलक्या आमिषाला लागणारी सलग लवचीकता त्यांत नसते, कड्या फिरून वाकड्या होतात, आणि जोडात वाळू-मीठ गेलं की एक दिवस रॉड आत जायचं नाव घेत नाही. मग सात फुटी भाला घेऊन रिक्षा शोधायची.

चौथी पायरी: टोक

अॅक्शन म्हणजे रॉड कुठे वाकतो. फास्ट असेल तर वरच्या साधारण तिसऱ्या हिश्शात, मध्यम असेल तर जवळजवळ अर्ध्यापर्यंत. टोकावरच वाकणारा रॉड जिगहेडला बरा, टोचणी लगेच कळते. खोल वाकणारा रॉड स्पून आणि मिनोला बरा. तो फेक लांब नेतो आणि मासा उड्या मारताना गळ सुटू देत नाही. नवख्याने मधला, रेग्युलर फास्ट म्हणतात तो घ्यावा.

टोकाचे आणखी दोन प्रकार आहेत, पोकळ आणि भरीव. भरीव टोक नूडलसारखं लवतं, माशाने आमिष नुसतं चाखलं तरी वाकतं. पण आमिष कातळात अडकल्यावर रॉडने हिसका द्यायची ज्यांची सवय मोडलेली नाही, म्हणजे आपण सगळेच पहिल्या वर्षी, त्यांच्या हातात ते फार टिकत नाही. काही जपानी रॉडच्या मॉडेल क्रमांकात शेवटी एस असतो, तो भरीव टोकाचा. सुरुवातीचा एस स्पिनिंगचा. दोन्हींत गल्लत करून रॉड मागवलेले लोक मला माहीत आहेत.

पाचवी पायरी: अंग आणि कड्या

फायबरग्लास जड, सुस्त, पण कुठेही आपटा. कार्बन हलका, कडक, बोटांना बोलणारा. अल्ट्रालाइटला कार्बनच हवा. त्यावर "३० टन", "४० टन" असे आकडे छापून विकतात आणि माणसाला वाटतं एवढं वजन उचलेल. हा आकडा कार्बनच्या तंतूचा ताठपणा सांगतो, मजबुती नव्हे. टन जास्त तितका रॉड हलका आणि चपळ, पण तितकाच ठोक्याला नाजूक. मधल्या टनाचा रॉड कातळावर जास्त दिवस जगतो.

कड्या, म्हणजे गाईड, नीट बघा, कारण खाऱ्या हवेत आधी त्या मरतात. स्वस्त रॉडवर नुसता चकचकीत मुलामा असतो, तो एका मोसमात तांबारतो. चौकट स्टेनलेस स्टीलची आणि आतलं कडं सिरॅमिकचं हवं. सिलिकॉन कार्बाइडचं असेल तर फारच चांगलं, ते कठीण आणि गुळगुळीत असतं, विणलेला दोरा त्याला कापत नाही. संख्येचा ढोबळ हिशेब असा: जेवढे फूट, निदान तेवढ्या कड्या, शिवाय टोकाची एक. कमी असतील तर वाकलेल्या रॉडच्या अंगाला दोरा घासतो.

मूठ बूच लाकडाची घ्या नाहीतर फोमची, हाताला बरी वाटेल ती.

सहावी पायरी: दुकानात, घाई न करता

ऑनलाइन स्वस्त पडतं, मान्य. पण पहिला रॉड हातात धरून घ्या. सोबत स्वतःचं रील न्या किंवा दुकानातलं लावून मागा. नुसता रॉड हातात छान वाटतो, रीलसकट तोल बदलतो. रीलच्या पायापुढे एक बोट आडवं धरून त्यावर रॉड टेकवा. तिथेच किंवा जरा पुढे तो समतोल राहिला पाहिजे. टोकाकडे झुकत असेल तर दोन तासांनी मनगट बोंबलेल.

मग एक डोळा मिटून, बंदुकीचा नेम धरल्यासारखं मुठीकडून टोकाकडे बघा. अंग सरळ आहे? कड्या एका रेषेत आहेत? जोड काढून-घालून पाहा. तो घट्ट बसावा, पण शेवटी बारीकशी फट राहिली तर घाबरू नका, झिजेसाठी ती मुद्दाम ठेवतात.

आता कान साफ करायची कापसाची काडी प्रत्येक कडीतून फिरवा. दुकानदार हसेल, हसू द्या. कुठे कापूस अडकला तर तिथे कडं तडकलेलं आहे आणि तुमचा महागडा दोरा तिथेच कापला जाणार.

वाकवून बघायचं तर कडीतून दोरा ओवून, त्याला हळू ओढून. टोक चिमटीत धरून कमान करायची नाही, छताला टेकवून तर अजिबात नाही. बरेच रॉड दुकानातच असे अर्धमेले होतात आणि मग पहिल्याच माशाला मोडतात. शक्य असेल तर दोऱ्याला तुमचं नेहमीचं तीन-चार ग्रॅमचं आमिष बांधून टोकापासून वीतभर खाली सोडा आणि मनगटानेच हलकेच झुलवा. वरचा भाग त्या तालावर डोलायला लागला तर हा रॉड तुमच्या आमिषाचं ऐकतो. ढिम्म राहिला तर तो परत भिंतीला.

सातवी पायरी: रील, दोरा आणि अर्ध्या लिटरची बाटली

उघड्या फिरकीचं स्पिनिंग रील घ्या, आकार १००० किंवा २०००, वजन दोन-सव्वादोनशे ग्रॅमच्या आत. छोट्या आमिषांसाठी बेटकास्टिंगचीही (फेकताना जिची फिरकीच फिरते तसली) खास रीलं निघालीत, पण त्यांत दोऱ्याचा गुंता सोडवण्यात पहिले सहा महिने जातात.

दोरा विणलेला, पीई ०.६ ते ०.८ (पीई म्हणजे विणलेल्या दोऱ्याच्या जाडीचं जपानी माप). पीई ०.६ ची जाडी ०.१२८ मिलिमीटर, केसाच्या जवळपासची, म्हणूनच आमिष लांब जातं. त्याच्या पुढे दोन हात फ्लुओरोकार्बनचा लीडर, म्हणजे आमिषाआधी जोडायचा घासाला टिकणारा एकेरी दोरा. कालवांच्या जागी दहा-बारा पौंडांचा, मोकळ्या पाण्यात सहा-आठचा.

आता लक्ष द्या, रॉड मोडतात ते इथे. ०.६ चा दोरा दहा-बारा पौंडांपर्यंत सहज टिकतो. तुमच्या रॉडवर मात्र दोन ते सहा पौंड लिहिलंय. म्हणजे हिसका बसला तर दोरा तुटणार नाही, रॉड तुटेल. वाचवणारी एकच गोष्ट, रीलचा ड्रॅग, म्हणजे ठरावीक ओढ बसली की दोरा सोडणारा ब्रेक. तो सहा पौंडांच्या चौथ्या हिश्शाला लावा, म्हणजे सातशे ग्रॅमच्या जरा खाली. घरी मोजायचा सोपा मार्ग आहे. पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली दोऱ्याला बांधा, रील हातात धरून थेट रीलवरूनच उचला, रॉडमधून नाही. बाटली हळू उचलली जावी, पण जरा झटका दिला की दोरा कर्रर्र करत सुटावा. बस, तिथेच ठेवा.

आमिष अडकलं तर रॉड त्याच्या दिशेने सरळ करा, दोरा रुमालात गुंडाळून हाताने ओढा. आमिष गेलं तर जाऊ दे. मासा जवळ आल्यावर रॉड डोक्यामागे नेऊन त्याला वर उचलायचा मोह होतो, टोकं मोडायची ही हमखास पद्धत. एक छोटी जाळी ठेवा.

आठवी पायरी: ने-आण

कार्बनमधून वीज वाहते, हे ठळक अक्षरात डोक्यात कोरून ठेवा. लोकलच्या ओव्हरहेड वायरमध्ये २५,००० व्होल्ट असतात आणि धक्का बसायला तारेला टेकावंही लागत नाही. जोडलेला रॉड घेऊन फलाटावर, पादचारी पुलावर किंवा रुळांजवळ कधीही जायचं नाही. सुटा करायचा, नळीत घालायचा, मग स्टेशनात शिरायचं. नळी म्हणजे प्लंबरकडचा पीव्हीसी पाइप आणि दोन टोपणं, पुरे. ढगांचा गडगडाट ऐकू आला तरी रॉड खाली ठेवून आडोशाला.

पावसाळ्यात शिकायला सुरुवात करू नका. जून ते सप्टेंबर कातळ शेवाळलेले, लाटा बेभरवशाच्या, आणि उधाणाच्या भरतीला पाणी कुठवर चढेल याचा अंदाज बाहेरच्या माणसाला येत नाही. एरवीही भरती-ओहोटीची वेळ बघूनच निघा आणि परतीची वाट पाण्याखाली जाण्याआधी उठा. कोळ्यांची जाळी लावलेल्या जागी आमिष फेकू नका. एक गळ अडकला तर त्यांचं जाळं फाटतं, तुमचे पन्नास रुपये जात असतील.

पहिला सराव गच्चीवर किंवा मैदानात, गळ कापून टाकलेल्या आमिषाने. वीस फुटांवर बादली ठेवा. बादलीत पडायला लागलं की मग जेटी. सुरुवातीचे मासे बोटभरच असतील, विशेषतः खाडीतली तांबाची पिल्लं. गळाचा काटा पकडीने चेपून ठेवलात तर ती न दुखावता सोडता येतात. शिंगाळा आला तर हात लावू नका, पकडच वापरा. त्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्याजवळचे काटे विषारी असतात, ठणका संध्याकाळपर्यंत जात नाही.

घरी आल्यावर रॉड आणि रील गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा, कड्यांच्या पायाशी जास्त. मग पुसून वाळत ठेवायचं. आडवं ठेवा, किंवा कोपऱ्यात उभं, पण आधी वर पंखा कुठे आहे ते बघा. माझा दुसरा रॉड समुद्राने नाही मोडला. हॉलमध्ये तो पुसता पुसता वर केला आणि पंख्याने टोकाचे सव्वा इंच उडवले. आई आतून विचारत होती, काय पडलं? तो तुकडा अजून ड्रॉवरमध्ये आहे, त्याची कडी कधीतरी उपयोगी पडेल म्हणून.